भागीरथामावशीच्या वाटणीची वाइन

भागीरथामावशी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जाते आणि कुंपणापलीकडे पाहते. पलीकडे तिच्या धाकट्या जावेचा मांडव आहे. त्यावर दोडके आणि कारली लोंबतात. मावशी ती पाहते, चहा संपवते आणि घरात येऊन नवऱ्यावर चिडते.

“दोडका तिचा अन् बोलनं मले,” चंपत गुरुजी म्हणतात. ते निवृत्त शिक्षक आहेत. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. मावशीसुद्धा.

मी शेजारी राहते. आदिलाबादच्या कॉलेजातून मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले आणि घरी परत आले. मावशीचं वय साठीचं. तरी आम्ही मैत्रिणी आहोत. संध्याकाळी तिच्या ओट्यावर काहीतरी निवडत बसायचं. ती बोलते, मी ऐकते. तिचं बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं. तिचा मुलगा नागेश, आणि तो आधी कोणाच्या घरात शिरतो.

नागेश हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात आहे. लग्नांचे आणि कंपन्यांच्या पार्ट्यांचे हॉल तो सांभाळतो. सुट्टी मिळाली की बसने येतो. बस त्याला हायवेवर नेरडीगोंड्याच्या फाट्याला सोडते. तिथून आमच्या गल्लीत शिरलं की पहिलं घर दीपमालाकाकूचं, म्हणजे जावेचं. दुसरं मावशीचं. घरं बांधताना दोघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. रस्त्याकडची जागा धाकट्याला गेली. मावशीने त्या चिठ्ठीला अजून माफ केलेलं नाही.

“काकूच्या घरात जाते भरल्या पिशवीनं,” ती म्हणायची, “अन् मायाकडे येते बिस्किटाचा पुडा घेऊन. मी काय पाहुनी हाय?”

“मावशी, काही सामान मागवत असेल काकू.”

“काय सामान? दुकानं काय हैदराबादलेच हायेत?”

हे दुखणं जुनं आहे. नागेश लहान असताना मावशी कापूस वेचायला जायची. गुरुजी शाळेत. घरी नवीन लग्न झालेली दीपमालाकाकू. तिला पुढे मूल झालं नाही. नागेश तिच्याच अंगणात वाढला.

“मी वेचून आली तं हा दोन पायांवर उभा,” मावशीने मला एकदा सांगितलं. “तिचं बोट धरून. ते हासून राह्यली, हा हासून राह्यला. मले कोनी बोलावलं बी नाई.” मग तिने शेंगांचं टोपलं पुढे ओढलं.

मावशीची आणखी एक गोष्ट गल्लीला पाठ आहे. तिच्या तरुणपणी इथे घराघरात गुडुंबा गाळत. माणसं गावठी दारू पिऊन नालीत पडायची. बायकांनी एक दिवस मुसळं उचलली. पुढे भागीरथा. तिने पहिलं मडकं फोडलं ते स्वतःच्या सासऱ्याचं. विहारात पंचशील घेताना अजूनही कोणीतरी ही गोष्ट काढतं. तेव्हापासून आमच्या गल्लीत बाटली येत नाही. लग्नाचे पाहुणेसुद्धा हायवेवरच्या वाइन्सच्या दुकानात पिऊन, बडीशेप चघळत येतात आणि मावशीच्या घरासमोरून सरळ चालायचा प्रयत्न करतात.

या पावसाळ्यात दोन गोष्टी झाल्या आणि मावशीचा हेवा हाताबाहेर गेला.

पहिली गोष्ट दोडक्याची. दोन्ही मांडवांवर एकाच बियाण्याचे वेल होते. मावशीच्या दोडक्यांना माशीने डंख केले. ते वाकडे झाले, आतून सडले. पलीकडचे दोडके सरळ. काकू ते परडीत घालून पाठवायची. मावशी शिजवायची, आणि पहिल्या घासाला म्हणायची, “कडू निघाला.”

गुरुजी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. “मले तं गोड लागते.”

“तुमची जीभच तिकडची हाय.”

दुसरी गोष्ट विहारातली. मेणबत्त्या लावायचं पितळी स्टँड घासायचं काम वर्षानुवर्षं मावशीचं. ती चिंचेने घासायची. पण पौर्णिमेच्या आधी तिला ताप आला आणि ते काम काकूने केलं. संध्याकाळी विहारात गेलो तर स्टँड सोन्यासारखं दिसत होतं. बापूजी तिथले सगळ्यांत वडीलधारे. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “असं पितळ मी जिंदगीत नाई पाह्यलं. कोनी घासलं हो?”

दीपमालाकाकूने मान खाली घातली. “असंच, बापूजी.”

“काय लावलं वं?” घरी येताना मावशीने विचारलं.

“काई नाई अक्का. असंच.”

मावशीला ते ‘असंच’ रात्रभर टोचलं असणार. पुढच्या वेळी नागेश आला, भरली पिशवी काकूच्या घरात ठेवून रिकाम्या हाताने बाहेर पडला, तेव्हा मावशीने माझ्या हातात चटणीची वाटी दिली.

“हे दीपमालाले देऊन ये. अन् त्या पिशवीत काय हाय ते पाहून ये.”

“मी कशी पाहू?”

“तू एवढी पुस्तकं वाचली. एक पिशवी पाह्यता येत नाई?”

मी गेले. काकूच्या स्वयंपाकघरात आंबूस वास होता. ओट्यावर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. काहींत जांभळं पाणी, काहींत पिवळसर.

“सरबत आहे का?” मी विचारलं.

काकूने आधी दार लोटलं. “वाइन हाय.”

मी तिथेच पाटावर बसले.

“पेत नाई वं! अशी काय पाह्यते?” तिला हसू आलं. “उरलेली हाय. त्याच्या हॉटेलात पार्टीले बाटल्या उघडतात. अर्ध्या तशाच राह्यतात. दुसऱ्या पार्टीले त्या देत नाईत. थोडी स्वयंपाकात जाते, बाकीची मोरीत. त्याच्या सायबानं म्हनलं, मोरीत टाकन्यापरीस ने.”

आणि मग तिने मला एकेक दाखवायला सुरुवात केली. तिलाही कोणाला तरी दाखवायचंच होतं.

पिवळसर वाइन तिने फडक्यावर ओतली आणि गॅसच्या शेगडीवरून फिरवली. जुना तेलकट थर फडक्यात आला. कोपऱ्यात काचेची बरणी होती, तोंडाला मलमलचं कापड बांधलेलं. आत लाल वाइन, आणि वर जाडसर चकती तरंगत होती.

“ही साय. दुधाची नाई, याची. हे विरजन समज. नवी वाइन ओतायची अन् ही साय त्यात सोडायची. होऊ द्यायचं हळूहळू. शिरका होते.”

त्या शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, तिने कांदे घातले होते. बोअरच्या पाण्याने नळावर धरलेला पांढरा थर तिने त्यानेच काढला होता. विहाराचं पितळ शिरका आणि मीठ लावून घासलं होतं. ते सांगताना तिने आवाज खाली केला.

मागे मांडवाखाली गेलो. कापलेल्या बाटल्या सुतळीने लटकत होत्या. आत बोटभर वाइन, गुळाचा खडा, भांड्याच्या साबणाचा थेंब. त्यात माश्या बुडालेल्या. खाली वाफ्यात डब्यांची झाकणं मातीच्या पातळीला पुरलेली. त्यातही वाइन, आणि बुडालेल्या गोगलगायी.

“हे सगळं नागेशने सांगितलं?”

“त्यानं एवढंच सांगतलं का त्यांचा शेफ फळापाशी वाटीत वाइन ठेवते, चिलटं त्यात पडतात. बाकीचं मी करून पाह्यलं. जास्वंदाच्या बुडाशी तांब्याभर ओतली. जास्वंद मेलं. तेवा समजलं, मुळाले नाई द्याची. खताच्या खड्ड्यात शिंपडली तं चालते.” मग तिने माझं मनगट धरलं. “अक्काले सांगू नको. तिनं मडके फोडले हायेत. नागेशले घरात घेनार नाई.”

मी परत आले. मावशी फाटकातच उभी होती.

“काय हाय?”

“झाडांचं औषध आहे,” मी म्हणाले. तसं ते खोटंही नव्हतं.

मला वाटलं, आता ती शांत होईल. तिचा चेहरा उतरला. साडी असती, सुकामेवा असता, तर ती भांडली असती. औषध ऐकून तिला भांडताही येईना.

“तिच्या झाडांले औषध,” ती हळू म्हणाली. “अन् माये दोडके सडून राह्यले, ते त्याले दिसत नाई?”

त्या संध्याकाळी तिने नागेशला वाढलं, पण बोलली नाही. त्याने भाकरी मागितली, तिने दिली. पाणी मागितलं, तांब्या सरकवला. नागेशने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

सकाळी ती चहा न पिता निघाली आणि थेट काकूच्या मागच्या अंगणात गेली. मी कुंपणावरून पाहिलं आणि धावले. नागेश दात घासत होता, तो तसाच धावला. गुरुजी चष्मा शोधत मागून आले.

मावशीने मांडवावरची एक बाटली खाली ओढून नाकाशी धरली होती. ज्या बाईने तारुण्यात या वासाचा माग काढत घरं पालथी घातली, तिला वेगळं सांगावं लागत नाही.

“दारू,” ती म्हणाली.

हायवेवरून एक ट्रक गेला. दीपमालाकाकूच्या हातातलं फडकं खाली पडलं.

“वाइन, माय,” नागेश म्हणाला. तोंडात पेस्ट होती. “उरलेली. फेकायची होती.”

“कोन पेते?”

“कोनी नाई. माश्यांसाठी हाय.”

मावशीने बाटलीत पाहिलं. बुडालेल्या माश्या पाहिल्या. वर सरळ लोंबणारा दोडका पाहिला. मी मुसळाची वाट पाहत होते. मुसळ नसलं तरी बाटली नक्की फुटणार होती.

“कवापासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“मले काऊन नाई आनली?”

नागेशने पेस्ट गिळली. “काय?”

“इथं आनली. मले काऊन नाई आनली?”

“तू मडके फोडले ना माय! मले वाटलं, तू मले बी फोडशीन.”

“म्या पेनाऱ्याचे फोडले. माशीचे फोडले का?” तिचा आवाज चढला. “सगळे मिळून मले भेता, अन् जाता तिच्याकडे! भ्याचं मले, अन् आनाचं तिले?”

गुरुजींना तोवर चष्मा सापडला होता. “भागीरथा, आपन पंचशील घेतलं हाय.”

“त्यात पिऊ नको म्हनलं. माशीले बुडवू नको असं कुठी म्हनलं?”

“ते पयल्या शीलात म्हनलं हाय,” गुरुजी हळूच म्हणाले. “जीव मारू नको.”

“मंग तुमी काल दोनदा दोडका काऊन घेतला?”

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

दीपमालाकाकू आत गेली आणि दोन भरलेल्या बाटल्या घेऊन आली. “घ्या अक्का. अर्धी तुमची. मी सांगनारच होती.”

मावशीने हात मागे घेतले. “तुयाकडून नाई पाह्यजे. नागेश आनन मले.” आणि ती निघून गेली.

त्या दिवसानंतर नागेश बरेच दिवस आला नाही. लग्नाच्या पार्ट्या होत्या. मधल्या काळात काकूने पितळाचं आणि शिरक्याचंही मावशीला सांगून टाकलं. मावशीने तयारी सुरू केली. प्लास्टिकच्या बाटल्या कापल्या, सुतळ्या ओवल्या, मांडवाला बांधल्या. सगळ्या रिकाम्या. वारा आला की एकमेकींवर आपटायच्या. माश्या त्यांच्या बाजूने आरामात ये-जा करत. राहिलेले दोडकेही सडले. ती ते तोडून खड्ड्यात टाकायची. काकू कुंपणावरून म्हणायची, “अक्का, तांब्याभर तरी घ्या. माल चालला तुमचा.”

“जाऊ दे. माया हाय.”

“मावशी, हा हट्ट आहे,” मी एकदा म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. “तिच्या हातून घेतली तं ते तिचीच झाली ना वं. मंग मायापाशी काय राह्यलं?”

मी खाली पडलेली सुतळी उचलून तिच्या हातात दिली.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशी नागेशचा फोन आला. दुपारच्या बसने येतो. मावशीने विहारात जायची पांढरी साडी नेसली आणि मला हाक मारली.

“चाल.”

“विहारात?”

“फाट्यावर.”

मुलगा येणार म्हणून ती कधी हायवेपर्यंत गेलेली नव्हती. उन्हात उभी राहिली. ट्रक धूळ उडवत होते. बस आली. नागेश उतरला, त्याच्या हातात पांढरा कॅन होता. आतला जांभळा रंग बाहेरून दिसत होता. आईला पाहून तो पायरीवरच अडखळला.

“माय? तू इथं काऊन?”

“दे.”

“जड हाय.”

“दे म्हनलं ना.”

तिने कॅन घेतला आणि घागरीसारखा कंबरेवर ठेवला. पदर त्यावर ओढायला मी हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला. तशीच उघड्यावर, गल्लीत शिरली.

विहारासमोर माणसं निळ्या पताका बांधत होती. बापूजी खुर्चीवर बसून सूचना देत होते.

“काय हाय भागीरथाबाई? जांभळाचा रस आनला का पोरानं?”

“दारू हाय, बापूजी. माया लेकानं आनली.” ती थांबली आणि तिने जोडलं, “मायासाठी.”

शिडीवरचा माणूस पताका धरून तसाच राहिला. बापूजींचं तोंड उघडं.

“तुमी? मडके फोडनाऱ्या तुमी?”

“मीच. पेत नाई, सडवतो. पुनवेले ते पितळ चमकलं ना, ते याच्यानंच. तेवा तं लई तारीफ केली तिची.”

बापूजींनी विहाराच्या दाराकडे पाहिलं, मग कॅनकडे. तोवर मावशी पुढे निघाली होती. मी थक्क होऊन तिच्या मागे चालत राहिले. माझ्या मागे नागेश, मान खाली घालून.

दीपमालाकाकूचं फाटक आलं. ती फाटकात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मावशी मान न वळवता पुढे गेली. नागेशचा पाय सवयीने तिथे रेंगाळला.

“नागेश,” मावशी मागे न पाहता म्हणाली. तो चालू लागला.

“अक्का,” काकूने हाक मारली. “विरजन हाय का तुमच्यापाशी?”

मावशी थांबली.

“शिरक्याची साय. ते कुठून आनसान?”

मावशी माझ्याकडे वळली. काकूकडे नाही. “त्याच्याशिवाय होत नाई?”

“होतं कधी कधी,” मी काकूकडून ऐकलेलं सांगितलं. “वेळ लागतो. वासही मारतो.”

ती उभी राहिली. कॅन कंबरेवरून घसरत होता, तो तिने पुन्हा वर घेतला. मग वळली, काकूच्या ओट्यावर आली आणि कॅन खाली ठेवला.

“साय आन. बदल्यात एक वाटी हे घे. पन ओतीन मी.”

काकू आतून दुधाचा गंज घेऊन आली. चांगला मोठा.

“वाटी म्हनलं वं मी!”

“वाटी खरकटी हाय, अक्का.”

“धुऊन आन.”

काकू वाटी धुऊन घेऊन आली. मावशीने कॅन तिरका केला. धार बारीक पडत होती. काकूने वाटी थोडी वर उचलली, मावशीने कॅन तेवढाच मागे घेतला. नागेश फाटकाला टेकून हसत होता.

“तू काय हासतं? चाल घरी,” मावशी म्हणाली. “पयले घरी.”

दुसऱ्या सकाळी तिने मला कुंपणापाशी बोलावलं. हातात चहाचा कप. मांडवाच्या बाटल्यांत जांभळं पाणी होतं. वेलावर नुसती पिवळी फुलं, दोडका एकही नव्हता. एका बाटलीत एक माशी पडली होती.

“पाह्य,” मावशी म्हणाली. मग तिने कुंपणावरून काकूच्या बाटलीत डोकावून घेतलं. “तिच्यातलीपेक्षा मोठी हाय ना?”